आरपार वारा आणि आमची पट्टेगाडी

माझ्या सासूबाई बंदुकीच्या गोळीला घाबरत नसत. त्या घाबरत आरपार वाऱ्याला. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक दार आणि एक खिडकी, एकदम उघडी राहिली की मधून जो वारा वाहतो, तो. त्यानं मान आखडते, दात ठणकतात, मूत्रपिंडं सुजतात आणि चांगल्या देखण्या माणसाचं तोंड वाकडं होतं. हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. आमचे डॉक्टरसुद्धा रोग्याचा शर्ट काढायला सांगण्याआधी उठून खिडकी लावून घेत. पण सासूबाईंची गोष्टच वेगळी. ऐन ऑगस्टमध्ये बसमध्ये कुणी मागची काच सरकवली, तर त्या ड्रायव्हरला बस थांबवायला लावत आणि उरलेली वाट चालत जात.

आमचं क्रुश्वार गाव दोन तुकड्यांत होतं. खालच्या क्रुश्वारमध्ये आम्ही, वीटभट्टी, चर्च आणि काताची खानावळ. नदीवरचा पूल ओलांडून सहा किलोमीटर चढ चढला की वरचं क्रुश्वार. एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरात वर एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे माझ्या सासूबाई, मांडा. लढाई जवळ आली तसे बाकीचे सगळे सप्टेंबरातच खाली आले. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, अजून कोबी आंबवायला पिंपात दाबायचाय. कोबी दाबून झाला तेव्हा म्हणाल्या, डुक्कर कापायचंय. डुक्कर कापून झालं तोवर पलीकडच्या डोंगरावर मशीनगनी येऊन बसल्या होत्या आणि रस्त्यावर जे हलेल त्यावर गोळ्या झाडत होत्या.

रविवारी प्रार्थना संपल्यावर लेफ्टनंट रोको चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला. हा आमच्या सैन्याचा, समुद्राकडचा, उंच आणि कायम सर्दी झालेला. तो म्हणाला, "शत्रू खाली उतरू नये म्हणून बुधवारी दुपारी बाराला आम्ही पूल उडवणार. त्यानंतर वर जो असेल तो वरच राहील. मग मी काही करू शकणार नाही."

माझा नवरा इम्ब्रो टोपी हातात चुरगाळत उभा होता. बावन्न वर्षांचा माणूस, वीटभट्टीवर चाळीस जणांवर ओरडणारा. पण आईचा एकुलता एक मुलगा. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला तेव्हा मी त्याला कोपरानं ढोसलं. लोक बघत होते.

त्याच दुपारी त्याचा चुलतभाऊ ब्लाझ आपली फिचो गाडी घेऊन वर गेला. फिचो म्हणजे चार माणसं गुडघे हनुवटीला लावून बसतील एवढीशी मोटार. जाताना एका गोळीनं तिची मागची काच उडवली, तरी पठ्ठ्या पोचला. तासाभरानं परत आला तो एकटाच, मांडीवर भरल्या मिरच्यांची बरणी घेऊन.

"आई कुठाय?" इम्ब्रोनं विचारलं.

"वर."

"आणि हे काय?"

"तुझ्यासाठी दिलंय. म्हणाल्या, तू वाळला असशील."

"अरे पण आली का नाही ती?"

ब्लाझनं गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. "काच नाही म्हणून. मी म्हटलं, काकू, चला, वेळ नाही. तर म्हणाल्या, मागून काच नाही, पुढून तुझी खिडकी खाली, मधे माझी पाठ. मी काय वेडी आहे? मी म्हटलं, काकू, गोळ्या चालल्यात. तर म्हणाल्या, गोळी एकदा लागते आणि मोकळं करते. मूत्रपिंडं वीस वर्षं छळतात."

खरं सांगते, आम्ही दहा-बाराजण उभे होतो आणि त्यातलं कुणीही हसलं नाही. काता तर म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. शेगडीच्या उबेतून उठून आलेल्या असणार."

मग विंको पुढे आला. विंको म्हणजे आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि माझ्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. म्हणजे आमच्या हिशेबानं सख्ख्या भावापेक्षा जवळचा. तो म्हणाला, "माझ्याकडे पट्टेगाडी आहे."

ती पट्टेगाडी माझ्या लहानपणापासूनची. मागच्या महायुद्धात अमेरिकेहून आलेली, पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे. युद्धानंतर ती जंगलखात्यानं ओंडके ओढायला नेली, मग अग्निशमन दलानं पाण्याच्या टाकीसाठी घेतली, आणि गेली अकरा वर्षं ती विंकोच्या गोठ्यात कोंबड्यांकडे होती. कोंबड्या काढल्या, पिसं झाडली, विंकोनं तिच्या पोटात हात घातला आणि सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती खोकली. सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. मीही वाजवल्या. आज आठवून नवल वाटतं, त्या महिन्यांत आम्ही किती लहानसहान गोष्टींना टाळ्या वाजवत होतो.

फक्त एक अडचण होती. तिच्या अंगावर चिलखतच नव्हतं. जाड पोलादी पत्रे पंचेचाळीसपासून एकेक करून कुणी तरी सोडवून नेले होते. कुणी ते कबूल करेना.

"वीटभट्टीच्या बॉयलरचा पत्रा लावू," इम्ब्रो म्हणाला.

पत्रा आणला, आमच्या परसात सफरचंदाच्या झाडाला टेकवून उभा केला. शिकारी मंडळाचा अध्यक्ष जुरो आपली रानडुकराची बंदूक घेऊन वीस पावलांवर उभा राहिला. गोळी पत्र्यातून अशी गेली जशी सुई मलमलीतून जावी, आणि झाडातही शिरली.

"दोन पत्रे लावा," जुरो म्हणाला.

दोन लावले. जुरोनं नेम धरला, श्वास रोखला, आणि चुकला. वीस पावलांवरून, मंडळाचा अध्यक्ष! गोळी आमच्या मांसाला धुरी द्यायच्या खोलीच्या दारावर जाऊन आदळली, ठण्णकन उलटी फिरली आणि कुंपणावरच्या भोपळ्याचे दोन तुकडे करून गेली.

सगळे आधी जुरोकडे बघून हसले. मग विंको हसायचा थांबला. दाराजवळ गेला, नखानं काजळी खरवडली. चाळीस वर्षांच्या धुराखाली पांढऱ्या रंगाचा एक तारा होता, अमेरिकी सैन्याचा.

"रोझिका," तो मला म्हणाला, "हे दार कुणी बसवलं?"

"माझ्या सासऱ्यांनी. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

"शांती कसली! चोर म्हातारा! हे पट्टेगाडीचं दार आहे!"

त्यानंतर मात्र सगळं गाव कबूल व्हायला लागलं. काताच्या खानावळीमागे नऊ खुंट्या पाडायचा खेळ चालतो ना, तिथे लाकडी चेंडू अडवायला जे पोलाद उभं होतं, ते पट्टेगाडीचं कपाळ निघालं. जुरोच्या विहिरीचं झाकण ही तिची उजवी बाजू. फादरच्या शेगडीखालचा पत्रा त्यांनी स्वतःच विंकोच्या अंगणात आणून ठेवला आणि म्हणाले, "मी आलो तेव्हा होताच तिथे." त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

काता मात्र शेवटपर्यंत भांडली. "रविवारी शेजारच्या गावाशी सामना आहे माझा! चेंडू थेट कोंबड्यांच्या खुराड्यात जातील!"

"काता, माणसाचा जीव आहे."

"न्या. पण जेवढे पोचे पडतील तेवढे मोजून आणा. लोकांना दाखवीन."

तरीही अर्धीच गाडी झाकली गेली. उरलेल्या ठिकाणी विंकोनं ओकच्या फळ्यांच्या दोन भिंती केल्या, मधे नदीतले गोटे भरले, आणि वरून वीटभट्टीचा माती वाहणारा रबरी पट्टा खिळ्यांनी ठोकला. मंगळवारी दुपारी गाडी तयार झाली. समोरून ती चर्चच्या कपाटासारखी दिसत होती आणि बाजूनं फाटक्या बुटासारखी. डुकराच्या मांसाचा वास चाळीस वर्षं त्या दारात मुरलेला, त्यामुळे गावातली सगळी कुत्री तिच्याभोवती जिभा काढून बसली होती.

इम्ब्रो गाडीभोवती दोनदा फिरला. मग हळूच म्हणाला, "विंको, या फटी."

"कुठल्या?"

"सगळ्याच. इथे बोट जातंय. इथे तर हात जातोय."

"अरे, फटीतून गोळी आली तर नशीब म्हणायचं. कोण एवढा नेमबाज? जुरोसुद्धा नाही."

"गोळीचं नाही म्हणत मी," इम्ब्रो म्हणाला. "आई बसणार नाही."

विंकोनं हातातला पाना खाली ठेवला. तोंडावरून हात फिरवला. "खरंच की. डाव्या फटीतून येईल आणि उजवीकडून जाईल."

"थेट पाठीवरून."

लेफ्टनंट रोको तेव्हाच गाडी बघायला आला. त्यानं चिलखतावर बुक्की मारली, मान हलवली आणि विचारलं, "आणि ड्रायव्हर बघणार कुठून?" विंकोनं पुढची बोटभर रुंद फट दाखवली. रोकोनं नाक पुसलं. "मग हिच्या समोर मागच्या दाराला भोक ठेवलंय ते आधी बुजवा. तोंड वाकडं होईल माणसाचं." आणि सैन्याचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

फटी बुजवायचं काम माझ्याकडे आलं. मी घरातली एक रजाई फाडली, तिची पिसं गोट्यांच्या मधल्या जागांत कोंबली. मेंढीची लोकर, इम्ब्रोचे जुने मोजे, चर्चमधल्या विझलेल्या मेणबत्त्यांचं मेण, सगळं लावलं. ड्रायव्हरच्या फटीला मी आमच्या लग्नाच्या तसबिरीची काच कापून बसवली. विंको म्हणाला, "आणि आत हवा?" मी म्हटलं, "सहा किलोमीटरला किती हवा लागते?" छपरावर विंकोच्या डोक्यावर एक झडप होती आणि मागे ते दार. दोन्ही बंद. आत बसून काडी पेटवून आम्ही तपासलं, ज्योत हलली नाही. मला फार अभिमान वाटला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात सासूबाईंना नाव ठेवायला जागा नाही असं काम मी पहिल्यांदाच केलं होतं.

बुधवारी सकाळी आठला निघालो. विंको गाडी चालवायला, इम्ब्रो आईला उचलायला, आणि मी भांडायला. म्हणजे इम्ब्रोनंच सांगितलं, "आईपुढे माझं चालत नाही. तुझं तीस वर्षांत दोनदा चाललंय." पुलापर्यंतच्या प्रत्येक घरानं फाटकात येऊन आलुबुखाराच्या दारूचा पेला पुढे केला. आत घ्यायचा तर झडप उघडावी लागे, म्हणून विंको उघडायचा, घ्यायचा, "दार मागे बंद आहे ना?" असं ओरडून विचारायचा, आणि प्यायचा. सहा घरं होती.

पूल ओलांडल्यावर गंमत संपली. त्या गाडीत काय उकडत होतं म्हणून सांगू! इंजिनाची सगळी धग आत येत होती आणि बाहेर जायला केसाएवढीही वाट नव्हती, ती मीच ठेवली नव्हती. काचेवर वाफ धरली. विंको ओरडायचा, "पूस!" मी पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, पुसायची. तो दोन क्षण बघायचा आणि परत, "पूस!"

मग डोंगरावरून सुरू झालं. गोट्यांवर गोळ्या लागल्या की पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसं वाजे. रबरावर लागल्या की नुसतं थप्प. एक मोठी गोळी समोरच्या पोलादावर, काताच्या खेळातल्या, अशी आदळली की आमचे दात वाजले. मी डोकं गुडघ्यांत घातलं. इम्ब्रो मात्र त्या भीतीतही ओरडला, "नऊच्या नऊ!"

विंको म्हणाला, "मूर्खा, मोज. कातानं सांगितलंय."

वरच्या क्रुश्वारला पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. सासूबाईंचं घर टेकाडाच्या आड होतं, तिथे गोळ्या येत नसत. मी मागचं दार उघडून बाहेर पडले ती उकडलेल्या बटाट्यासारखी. अंगातून वाफा निघत होत्या.

सासूबाई दारात उभ्या. तीन परकर, दोन शाली, डोक्याला काळा रुमाल. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घामानं डबडबलेली अशी थंडीत उभी राहतेस? आत हो. दार लाव."

"आई, बाराला पूल उडवणार आहेत. आपल्याला लगेच निघायचंय."

"ही गाडी?"

"ही गाडी."

"वारा येतो?"

"एक झुळूक येत नाही, आई. मी स्वतः बुजवलंय."

"तू?" त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि पेटती मेणबत्ती घेऊन आल्या.

गाडीत चढून त्यांनी दार लावून घेतलं आणि प्रत्येक सांध्याजवळून मेणबत्ती फिरवायला सुरुवात केली. सावकाश. आम्ही तिघं बाहेर उभे. आतून आवाज यायचा, "हं." थोड्या वेळानं परत, "हं." विंको घड्याळ बघत होता. इम्ब्रो म्हणाला, "बोलू नका, तिचं लक्ष जाईल." दहा वाजले. साडेदहा वाजले. दरम्यान त्यांनी एकदा मेणबत्ती बदलली. अकराला पंधरा कमी असताना दार उघडलं.

"ड्रायव्हरच्या काचेपाशी. खालून. ज्योत हलते."

विंको म्हणाला, "मांडाकाकू, गोळी लागून तिथलं मेण निघालं असेल. एवढंसं भोक आहे!"

"एवढंसंच वाईट. मोठं भोक माणसाला दिसतं तरी."

इम्ब्रो रडवेला झाला. "आई, चल ना गं. मी तुझ्यापुढे बसतो. माझ्या अंगावर येऊ दे वारा."

"तुझ्या? तुला तर लहानपणी कानाचा त्रास होता!"

बुजवायला काही उरलं नव्हतं. लोकर संपली, मेण संपलं, इम्ब्रोच्या पायांतले मोजे मी आधीच काढून वापरले होते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. टेबलावर परातीत कापडाखाली पावाचं खमीर घातलेलं पीठ फुगायला ठेवलेलं होतं. बाई बंदुकांच्या टप्प्यात राहत होती, पण बुधवारचा पाव चुकवत नव्हती. मी परातच उचलली आणि त्या काचेच्या चारी बाजूंनी पीठ थापलं. चांगलं जाड थापलं. सासूबाईंनी मेणबत्ती धरली. ज्योत सरळ उभी.

"आता बसते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पीठ जरा घट्ट भिजवायला हवं होतं मी."

तीस वर्षांत त्यांनी स्वतःची चूक काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्यांच्याबरोबर शिवणयंत्राचं डोकं, चरबीचं मडकं आणि एक हंस आला. अकरा वाजून पाच मिनिटांनी निघालो.

उतारावर गाडी जोरात जाईल असं वाटलं होतं, पण त्या वजनाला ब्रेक धरेनात म्हणून विंको पहिल्याच गिअरमध्ये ठेवून चालला होता. इंजिन तापून गुरगुरत होतं. चार माणसं, एक हंस, आणि हवा तेवढीच. हंसानं चोच उघडी टाकली. विंको "पूस!" म्हणाला, मी पुसलं. परत म्हणाला, परत पुसलं. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला तो मऊ, गरम गादीत बुडाला.

पीठ फुगत होतं.

त्या धगीत ते असं फुगलं होतं की काचेच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं एकमेकांना भेटायला आलं होतं. मधे उजेडाची एक रेघ उरली होती. बघता बघता तीही मिटली.

"मला दिसत नाही," विंको म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त भीती वाटली.

"पीठ काढ!" मी ओढायला लागले. ते हाताला चिकटलं, कोपराला चिकटलं, जेवढं काढावं तेवढं मागून येत होतं. बाहेर गोळ्यांच्या गारा सुरू झाल्या. सव्वाअकरा, साडेअकरा, मला काळवेळ कळेना. गाडी कशाला तरी घासून थांबली.

"वरची झडप उघडून बघतो," विंको म्हणाला.

"उघड," सासूबाई म्हणाल्या. "मागचं दार बंद आहे तोवर उघड. एकीकडूनच उघडं असलं तर चालतं."

त्यानं झडप उघडली, नाकापर्यंत डोकं बाहेर काढलं आणि गाडी पुन्हा हलली. पण वरून एकच भोक. धग त्याच्या डोक्याशी अडली, आमच्यापर्यंत हवा काही येईना. मी एप्रननं वारा घालायला लागले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. तोही वाराच.

तेवढ्यात इम्ब्रो माझ्या खांद्यावर कलंडला. चेहरा चुन्यासारखा पांढरा, ओठ निळसर. "मला जरा..." एवढंच म्हणाला.

"इम्ब्रो! इम्ब्रो!" मी त्याच्या गालांवर थापट्या मारल्या. "आई, मागचं दार उघडायला हवं. त्याला हवा हवी!"

वर झडप उघडी, मागे दार उघडं. आरपार. मी काय मागते आहे ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग त्यांनी एक शाल सोडून त्याच्या मानेभोवती गुंडाळली, कान झाकले, दुसरी त्याच्या कमरेला करकचून बांधली. स्वतः उठल्या, क्रॉसची खूण केली आणि मागच्या दाराचा अडसर लाथेनं उडवला.

नोव्हेंबरचा वारा आत आला. असा गोड वारा मी आयुष्यात खाल्ला नाही. सासूबाई त्या उघड्या दाराकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, इम्ब्रोच्या आणि वाऱ्याच्या मधे उभ्या राहिल्या. तीन परकर फडफडत होते. मागे रस्त्यावर गोळ्यांची धूळ उडत होती, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"आई, खाली बसा! गोळी लागेल!"

"लागू दे! तू त्याचे कान नीट झाक!"

डोंगरावरच्यांनी मधेच गोळीबार थांबवला. का, ते मला कधी कळलं नाही. विंकोचं म्हणणं असं, की त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं असणार: वरून उघडी, मागून उघडी गाडी, आणि मधे एक म्हातारी. "त्यांनाही आया आहेत रोझिका," तो म्हणायचा. "त्यांना वाटलं असेल, ही आता तशीही जगत नाही."

बाराला बारा मिनिटं असताना आम्ही पुलावरून खडखडत आलो. इम्ब्रो डोळे उघडून बसला होता आणि कान झाकल्यामुळे मोठ्यानं बोलत होता. पुलाच्या अलीकडे लेफ्टनंट रोको दोन्ही हात हलवत होता. विंकोनं गाडी थेट आमच्या अंगणात आणून उभी केली, मागोमाग कुत्री. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात, शेगडीजवळ बसवलं. त्या थरथरत होत्या. हात पाठीवर ठेवून म्हणाल्या, "डावं मूत्रपिंड गेलं. मला कळतंय, डावं गेलं."

बाहेर रस्त्यावरून रोको कर्ण्यातून ओरडत चालला होता, "स्फोट मोठा होणार आहे! काचा वाचवायच्या असतील तर घरातल्या सगळ्या खिडक्या उघडा! दोन्ही बाजूंच्या! सगळ्या उघडा!"

मी खिडकीकडे गेले. खिटीला हात लावला. समोरच्या घरात काताची बहीणही खिटीला हात लावून उभी दिसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. खालच्या आळीत सगळ्या खिडक्यांशी अशाच बायका उभ्या असाव्यात.

"रोझिका," मागून सासूबाई म्हणाल्या, "माझं एक तरी शिल्लक राहू दे."

मी खिटीवरून हात काढला. समोरच्या बाईनंही काढला.

बाराला पूल गेला. त्याबरोबर खालच्या क्रुश्वारमधली एकूण एक काच गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या चुरा होऊन जमिनीवर आल्या आणि पडदे आत उडाले, मग बाहेर उडाले. पूर्वेकडून पश्चिमेकडे असा स्वच्छ, मोकळा वारा आमच्या घरातून तोपर्यंत कधी वाहिला नव्हता. सासूबाईंच्या रुमालावर काचेचे कण चमकत होते. त्या खुर्चीवरून उठल्या, कण झटकले, हंस काखेत घेतला आणि बाहेर गेल्या. पट्टेगाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग वरची झडप आपटून बंद झाली. मग दार.

इंजिन बंद असल्यामुळे आत आता गोठ्यासारखी छान ऊब होती. संध्याकाळ व्हायच्या आत काताची बहीण आपली गोधडी घेऊन आली, मग जुरोची आई, मग फादरची स्वयंपाकीण. दुसऱ्या दिवशी सकाळी लेफ्टनंट रोको चार सैनिकांसह गाडी ताब्यात घ्यायला आला, कारण आघाडीवर चिलखती गाड्या कमी पडत होत्या. त्यानं दार उघडलं. आत सात म्हाताऱ्या एकमेकींना टेकून विणकाम करत होत्या. काचेभोवतीचं पीठ आदल्या दिवशीच्या धगीनं अर्धवट भाजलं होतं, त्याचे तुकडे मोडून चरबी लावून खाणं चाललं होतं.

"आजीबाई," रोको म्हणाला, "ही गाडी सैन्याला हवी आहे."

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "पोरा, तुला सर्दी आहे?"

"आहे."

"आणि तू दार उघडं धरून उभा आहेस?"

रोकोनं नाक पुसलं. मग तो आत चढला, मागून दार ओढून घेतलं, आणि त्याचे चार सैनिक आमच्या अंगणात बराच वेळ वाट बघत होते. शेवटी मीच त्यांना सूप दिलं. गाव पुन्हा काचबंद होईपर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, सैन्यानं गाडीचं नाव काढलं नाही.